आत्याची बोट उठते की नाही

निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, काशी-रामेश्वर करतात, नातवंडं सांभाळतात. मी शर्यतीच्या जुन्या बोटी शोधते. "हा काय बाईमाणसाचा छंद झाला?" असं ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळींपैकी जवळजवळ प्रत्येकाने मला विचारून झालंय आणि प्रत्येकाला मी तितकंच फटकन उत्तर दिलंय. माझी जीभ तिखट आहे, हे मला ठाऊक आहे. जन्मभर पॉलिटेक्निकात पोरांना मशीन ड्रॉइंग शिकवलं. तिथे गोड बोलून एकाचीही रेघ सरळ येत नाही.

लोकांचा दुसरा प्रश्न असतो, इथे बोटी आल्या कुठून, समुद्र तर नाही. समुद्र नाही, पण तिघऱ्याचं धरण आहे. आमच्या आधीच्या पिढीत तिथे रविवारी सकाळी हायड्रोप्लेन पळायच्या. हायड्रोप्लेन म्हणजे बुटकी, रुंद, सपाट बोट. पुढच्या दोन कोपऱ्यांखाली दोन फुगवटे असतात आणि मागे इंजिन लटकवलेलं असतं. वेग पकडला की ती नुसत्या त्या फुगवट्यांवर आणि शेपटाच्या टोकावर पळते, बाकीचं पोट पाण्याबाहेर. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या काही हौशी पोरांनी परदेशी मासिकातले नकाशे बघून अशा बोटी प्लायवुडच्या बनवल्या होत्या. त्यातली एक माझ्या बाबांनी बनवली. बाबांचा गुडघा कबड्डीत गेलेला, आणि ही बोट गुडघ्यावर बसून चालवावी लागते. म्हणून ती चालवायला त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीला बसवलं. ती माझी आत्या.

ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आत्या म्हणायची, "आधी ती नुसती पाणी कापत जाते, आपल्या साध्या नावेसारखी. मग एकदम उठते. आवाज बदलतो. खालचं पाणी जातं आणि हवा येते. मग तुम्ही पाण्यावर नसताच."

माझा धाकटा भाऊ तोंड वाकडं न करता विचारायचा, "आत्या, वरून किल्ला दिसायचा का गं?"

त्याचंही अगदीच चूक नव्हतं. आत्याच्या गोष्टीतला साप दर खेपेला हातभर लांब व्हायचा. तिच्या लग्नातले पाहुणे वर्षागणिक वाढत गेले होते. मग बोट तेवढी जशीच्या तशी राहिली असेल, असं कोण मानणार? फोटो एकही नव्हता. बाबांना विचारलं की ते नुसते हसायचे, आणि त्या हसण्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावायचा. आता बाबाही नाहीत.

काही वर्षांपूर्वी गणपतीत आरतीनंतर आत्याने ती गोष्ट पुन्हा काढली. भावाची मुलगी कॉलेजात, तिची जीभ माझ्यावर गेलेली. ती म्हणाली, "आत्याआजी, इतना तो मत फेक ना, गणपती ऐकून राहिलाय." सगळे हसले. आत्याही हसली. मग स्वयंपाकघरात पंचामृताची भांडी विसळताना तिने मला हळूच विचारलं, "मी खरंच फेकते का गं?"

मी म्हटलं, "छे, काहीतरीच."

"नाही, मलाच कळेनासं झालंय. इतकी वर्षं सांगतेय. त्यातलं झालेलं कुठलं आणि मी घातलेलं कुठलं, ते आता सांगता येत नाही. बोट होती, एवढं नक्की. पण ती उठायची का? की मला तसं वाटायचं?"

आत्या पंच्याहत्तरीला आलेली. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं, पण लांबचं तरी धूसरच. जन्मभर जी गोष्ट अभिमानाने सांगितली ती आपलीच आहे की नाही, असं तिला वाटायला लागलं, हे मला फार लागलं. मी तिथल्या तिथे ठरवलं की ती बोट शोधायची आणि पाण्यात घालायची. उठली तर उठली.

शोधायची कशी? आत्याचं लग्न ठरलं तेव्हा आजोबांनी ती दौलतगंजातल्या एका कबाड्याला भंगारात देऊन टाकली होती. सासरची माणसं घर बघायला येणार, त्यात अंगणात बोट कशाला, हा त्यांचा विचार. मी दौलतगंजात गेले. त्या दुकानात आता प्लास्टिकच्या बादल्या विकतात. गल्ल्यावर त्या कबाड्याचाच मुलगा, म्हातारा झालेला. त्याला बोट चांगली आठवत होती. "वो चपटी वाली? वो तो सिंघाड़े वाले ले गए थे."

आमच्या भागात तळ्यातळ्यांतून शिंगाडे लावतात, आणि ते तोडायला लहान नाव लागते. म्हणजे बाबांची रेसिंग बोट शिंगाड्यांच्या वेलांत गेली होती. कुठल्या तळ्यात, ते त्याला माहीत नव्हतं. मग कार्तिकात हंगाम सुरू झाला तसा मी बाजारातला एकेक शिंगाडेवाला धरला. नुसतं विचारलं तर कोण बोलतो, म्हणून प्रत्येकाकडून शिंगाडे घ्यायचे. घरात उकडलेले शिंगाडे, भाजलेले शिंगाडे, शिंगाड्याची खीर. भाऊ म्हणाला, "ताई, बोट मिळायच्या आधी आमच्याच अंगाला काटे फुटतील."

शेवटी खासगी बाजार नावाच्या पेठेच्या तोंडाशी बसलेला एकजण म्हणाला, "हमारे ताऊ के पास है एक मनहूस-सी नाव. आगे से चौड़ी, पीछे से पतली. सीधी चलती ही नहीं."

मला तिथेच नाचावंसं वाटलं. ती बोट बांबूने ढकलायची नव्हेच, सीधी कशी चालेल?

दुसऱ्या दिवशी आत्याला आणि भावाला घेऊन मी शहराबाहेरच्या त्या तळ्यावर गेले. बोट काठाला पालथी पडली होती, डांबराच्या थरांनी काळीकुट्ट. दरवर्षी गळू नये म्हणून डांबर फासलेलं, त्या डांबरानेच तिला जगवलं होतं. पण पोटाखाली दोन फुगवटे स्पष्ट दिसत होते. आत्या पुढे वाकली. तिने पुढच्या कडेखाली हात घातला, चाचपत चाचपत पुढे गेली आणि एका खोलगट जागी थांबली. "इथे खांबाला आपटली होती. दादाने मला दोन दिवस बोट दिली नव्हती."

ताऊंनी, म्हणजे त्या शिंगाडेवाल्याच्या थोरल्या काकांनी, अट घातली, पत्र्याची नवीन नाव द्या, सरळ चालणारी. आम्ही ती करून दिली. ताऊ फार खूश झाले. आम्ही त्यांच्या दृष्टीने शहरातले पढे-लिखे मूर्ख होतो, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

आता आमच्या घराण्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले आणि या दगडी गावात राहिले. तेव्हापासून आमच्यात भक्कमपणाचा रोग आहे. आमच्या दाराच्या कडीला हत्ती बांधता येतो. आमच्या पोळ्या जाड, गाद्या जाड, लग्नातली आमंत्रणपत्रिकासुद्धा अशी की वाकत नाही. लोक वस्तू घेताना भाव विचारतात, आम्ही ठोकून बघतो. भाऊ तर ठेकेदार, पाण्याच्या टाक्या बांधायचा. एकही टाकी कधी गळली नाही, हे तो जेवताना दोनदा सांगतो.

हरिशंकरपुरम वस्तीत भावाच्या घरामागे शेड आहे. तिथे आम्ही बोट ठेवली. डांबर तासण्यात महिना गेला. आतलं प्लायवुड पुष्कळ ठिकाणी चांगलं निघालं, काही ठिकाणी भुसा झालेलं. नव्याने काय घालायचं यावर चर्चा झाली. चर्चा कसली, निकाल आधीच लागलेला.

"प्लायवुड?" भाऊ म्हणाला. "त्याला काय कस असतो? एवढं करायचंच तर एकदाच भक्कम करू. माझ्या नातवंडांनी चालवली पाहिजे."

मग जो तो मदतीला आला. दौलतगंजातल्या चुलतभावाने जुन्या दरवाज्याच्या सागवानी फळ्या दिल्या. कुणी पितळी बोल्ट दिले, एकेक अंगठ्याएवढा. भावाने पोटाखालून लोखंडी पट्टी मारली, वर फायबरचे थरावर थर दिले. मिस्त्री खूश, त्याला इतका सागवान बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. मी आकाराच्या मागे लागले होते. फुगवट्यांचा कोन, पोटाची सपाटी, सगळं केसाएवढंही चुकू दिलं नाही. ड्रॉइंगमध्ये वस्तूचा आकार दिसतो, वजन दिसत नाही, ही गोष्ट मी किती वर्षं वर्गात सांगितली असेल. पण शेडमध्ये त्या बोटीवर थाप मारली की जो ठणठणीत आवाज यायचा, तो ऐकून मलाही बरं वाटायचं. शेवटी मीही त्याच घरातली.

भोपाळहून एक जुनं इंजिन मिळालं. धरणावरच्या लोकांची परवानगी काढली. त्यांनी लाइफ जॅकेट आणि मागे एक बचावाची बोट, एवढं सांगितलं, ते बरोबरच होतं. संक्रांतीच्या दिवशी सकाळी सगळं खानदान तिघऱ्यावर जमलं. तिळगूळ, गजक, पुऱ्या-भाजी, थर्मास भरभरून चहा. आत्या नवीन शाल पांघरून खुर्चीवर बसली. टेम्पोतून बोट उतरवायला झाडून सगळे पुरुष लागले, आणि त्यातल्या एकाची कंबर धरली.

भाऊ गुडघ्यावर बसला. इंजिन गर्जलं. बोट निघाली, नाक वर, बूड खाली, मागे पाण्याचा डोंगर ओढत. मी मनात म्हणत होते, आता उठेल, आता उठेल. ती म्हशीसारखी पाण्यात बसून राहिली. भावाने वळून पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच. काठावर एकेकाला कंठ फुटला. "अजून चहा झाला नसेल तिचा." "संक्रांत आहे, दान मागून राहिली आहे वाटतं." हसू नका, असं मी ओरडून सांगितलं, तेव्हा जास्तच हसले. मनात वाईट नव्हतं कुणाच्या. आमच्यात असंच असतं.

घरी येताना आत्या गाडीत माझ्याशेजारी बसली होती. तिने अंगावरच्या शालीची घडी केली. मग म्हणाली, "जाऊ दे गं. तुम्ही म्हणत होता तेच खरं असेल. लहान होते, वाटलं असेल काहीतरी."

मला रडू फुटणार होतं. ते आवरायला मी पुढच्या सीटवरच्या भावाला फाडफाड बोलले. इंजिनाची घाण साफ केली नाहीस, वळणं चुकीची घेतलीस, आणि लहानपणी माझी सायकल तूच मोडलीस. 

त्यानंतर आत्याने ती गोष्ट सांगणं बंद केलं. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी मुद्दाम विषय काढला, तर म्हणाली, "कसली बोट? ते सोडा, वाण घ्या." हे मला बघवेना. तिच्या गोष्टींना आम्ही इतकं हसलो, पण तिच्याशिवाय ती गोष्ट आमच्याकडे तरी कुठे होती? मी इंजिन खोलून घेतलं, पंखा बदलला, कोन पुन्हा मोजले. सगळं बरोबर. पालथ्या घड्यावर पाणी.

माघ सरत आला तेव्हा एका दुपारी मी आत्याकडे गेले. तिचं घर भावाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. बोटीबद्दल बोलायचं नाही, असं तिने दारातच बजावलं. तिची मान दुखत होती, म्हणून मी तिला तेल लावून द्यायला बसले. ती कुरकुरत होती, नेहमीसारखी. "ही मान काय आजची आहे? ही दादाची कृपा. तुझा बाप पुढे, मी मागे, आणि डोक्यावर ती बोट. रस्त्यापासून पाण्यापर्यंत अशी नेऊन नेऊन माझ्या मानेचा भुगा झाला."

माझा हात थांबला. "दोघंच? बाबा आणि तू?"

"मग काय पालखीला भोई ठेवले होते? चोळ ना नीट."

"आत्या, संक्रांतीला ती उतरवायला सगळं घराणं लागलं. चुलतभावाची कंबर अजून धरलेली आहे."

ती म्हणाली, "तुम्ही खात-पीत नसाल नीट." पुढचं मी ऐकलंच नाही. अठरा वर्षांची एक मुलगी आणि लंगडा भाऊ डोक्यावरून नेतात, एवढीशी ती बोट. आणि आम्ही त्या पाखराला दरवाजे बांधले होते. अति तिथे माती, दुसरं काय. तेलाचे हात साडीलाच पुसून मी तशीच भावाच्या शेडमध्ये गेले आणि मिस्त्रीची पहार उचलली.

भाऊ धावत आला. "ताई, काय करून राहिली आहेस? सागवान आहे तो."

"म्हणूनच."

"अगं, पातळ केलीस तर मोडून जाईल."

"मोडू दे. तुझ्या टाक्या पाणी धरून ठेवायला असतात. हिला पाणी सोडायचंय."

 मग त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पहिला पितळी बोल्ट स्वतः काढला. त्याला किती जड गेलं असेल, ते मीच जाणते. लोखंडी पट्टी गेली, फायबर तासलं, दरवाजे बाहेर पडले. होडीचं पातळ, हलकं प्लाय मुंबईहून मागवलं. ते बघून मिस्त्री म्हणाला, "इससे तो दीदी, मिठाई का डिब्बा बनता है." शेवटच्या दिवशी भाऊ पुढे आणि मी मागे, बोट डोक्यावर घेऊन आम्ही अंगणात एक फेरी मारली. शेजारची बाई कपडे वाळत घालायचं सोडून बघत राहिली.

होळीच्या आदल्या रविवारी पुन्हा तिघऱ्यावर गेलो. या वेळी कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं, म्हणून सगळे आले. आत्या येतच नव्हती. वनभोजन आहे, बोटीचं नावही काढणार नाही, असं कबूल करून मी तिला आणली. ती खुर्ची पाण्याकडे पाठ करून बसली आणि वाटाणे सोलायला घेतले.

भावाने इंजिन सुरू केलं. थोडं अंतर बोट पाणी कापत गेली, साध्या नावेसारखी. मग तिचं बूड उठलं. पाण्याचा डोंगर एकदम नाहीसा झाला, मागे नुसती एक बारीक पांढरी रेघ राहिली, आणि पोटाखालून पलीकडचा काठ दिसला. हो, दिसला.  पहिली किंचाळली ती भावाची मुलगी, "आत्याआजी, उठली. अगं, सच में उठली."

मी आत्याकडे धावले. "बघ ना, बघ तरी."

तिने मान वळवून डोळे बारीक केले. "मला एक ठिपका दिसतो."

"पाण्याच्या वर पळतेय ती. तू म्हणायचीस तशीच."

"बरं, पळू दे," आत्या म्हणाली आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागली.

मग सगळे तिच्याभोवती जमले. ज्यांनी जन्मभर तिची थट्टा केली ते आता शपथा घेऊन सांगत होते, आणि तिचा कुणावर विश्वास बसत नव्हता. "म्हातारीचं मन राखताय, कळतं मला. तुम्ही लहान असताना मीही म्हणायचे, इंजेक्शन दुखत नाही." भाऊ ओलाचिंब होऊन आला आणि त्याने खंडोबाची शपथ घेतली. ती म्हणाली, "आमरस कुणी संपवला विचारलं, तेव्हाही तू खंडोबाचीच घेतली होतीस."

मी चिडले. खरंच चिडले. "मग स्वतःच बस आणि बघ."

भाऊ म्हणाला, "ताई, डोकं ठिकाणावर आहे का? काही झालं म्हणजे?"

पण आत्याने वाटाण्याचं ताट खाली ठेवलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "गुडघे शाबूत आहेत माझे. रोज देवापुढे टेकते." तिने साडीचा काचा मारला, आत माझी ट्रॅक पँट चढवली. लाइफ जॅकेट घातलं, हेल्मेट घातलं. इंजिन बंद करायची दोरी मनगटाला बांधली. बचावाची बोट समोर जाऊन उभी राहिली. मी तिला धरून बोटीत बसवलं. डाव्या हातात थ्रॉटल आणि उजव्या हातात चाक तिने न विचारता धरलं.

ती हळू गेली. फार हळू. भाऊ पुटपुटला, बरं आहे, अशीच एक चक्कर मारून येईल. मलाही तेच वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. बोट मध्यावर पोचली. मग इंजिनाचा आवाज बदलला. घरघर गेली आणि एक उंच, मोकळा सूर लागला. ती मागे एकसारखी पांढरी रेघ सोडत सरळ निघून गेली. पलीकडे वळली, परत आली, आमच्यासमोरून गेली आणि थांबली नाही. भाऊ हात हलवून बोलावत होता. तिने आणखी एक फेरी घेतली, मग आणखी एक.

काठाला लागली तेव्हा तिचे केस चिकटले होते आणि थंडीने दात वाजत होते. मला वाटलं, आता एकेकाला धरून ऐकवील. सगळे त्याच तयारीने उभे होते. तिने माझ्या खांद्यावर हात टाकला, श्वास जागेवर येऊ दिला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "इतकी वर्षं मी कमीच सांगत होते गं."